पेटीतली रोपं उगवून आठवडाभरात आडवी पडतात: दर वेळी तेच का होतं?

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. घरात ऊन येत नाही, म्हणून जुन्या टीव्हीच्या कपाटाची नाहीतर प्लायची छोटी पेटी केली. आत एलईडी बसवले, ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाचा भुसा) भरलं, मेथी-कोथिंबीर पेरली. उगवण झकास. चार दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला दार उघडून दाखवून झालं. मग एका सकाळी कोपऱ्यातली पाच-सहा रोपं आडवी, दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारची, आणि आठवडा संपेपर्यंत अर्धा ट्रे साफ. मग बियाणं बदललं, कोकोपीट बदललं, ऑनलाइन मागवून जांभळा ‘ग्रो लाइट’ लावला. पुढच्या पेरणीला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बियाण्याला दोष देण्याआधी पेटीकडे बघा. वन बीएचकेत अशी पेटी हॉलमध्ये किंवा बेडरूममध्येच ठेवावी लागते, त्यामुळे ती डोळ्यांवर येऊ नये, रात्री तिचा उजेड बाहेर पडू नये, पंख्याची घरघर ऐकू येऊ नये, अशा अटी घरातूनच येतात. अटी रास्त आहेत. पण उजेड अडवायला आपण फटींना टेप मारतो, दाराला फोमची पट्टी लावतो, मागचं भोक पुठ्ठ्याने बंद करतो, आणि हवा नेमकी त्याच वाटेने जायची असते. पेटी जितकी नीट लपते तितकी ती आतून कोंदट होते. रोपं आडवी पडण्याचं मूळ बहुतेक वेळा या कोंदटपणात सापडतं.

आधी पडलेलं रोप चिमटीत धरून उचला आणि खोड जिथे मातीला टेकतं तिथे बघा. ती जागा पाणचट, तपकिरी, दोऱ्यासारखी बारीक झालेली असेल आणि वरची पानं अजून हिरवी असतील, तर तो बुरशीचा प्रकार आहे. रोप अलगद हातात येतं, मुळं खालीच राहतात. भाजीची रोपवाटिका करणारे शेतकरी याला रोपं कोलमडणं किंवा मर म्हणतात. बुंधा पांढरट-हिरवा आणि धड असेल, खोड मात्र लांबलचक, फिकट आणि वाकलेलं असेल, तर बुरशीचा संबंध नाही, उजेड कमी पडतोय. तिसरा प्रकार क्वचित दिसतो: पानांच्या कडा करपलेल्या आणि रोप सुकून पडलेलं. तिथे कोकोपीट न धुता वापरलेलं असण्याची शक्यता जास्त. नारळाच्या भुशात क्षार असतात. ६५० ग्रॅमची वीट भिजवली की आठ-नऊ लिटर होते. ती दोन-तीन पाण्यांतून धुवून पिळून घेतली की हा विषय संपतो.

पहिले दोन प्रकार बरेचदा एकत्रच येतात, आणि गोंधळ तिथेच होतो. उजेड कमी पडला की खोड नाजूक राहतं, नाजूक खोडाला बुरशी लवकर धरते. म्हणून नुसता दिवा बदलला की थोडा फरक पडतो, पण मर थांबत नाही.

मर आणणाऱ्यांत पिथियम आणि रायझोक्टोनिया हे दोघे नेहमीचे. पिथियम काटेकोर अर्थाने बुरशीही नाही. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. माती सतत चिंब असली की तिच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या थरातून ते एका रोपाकडून दुसऱ्याकडे जातात. ट्रेमध्ये मर गोलाकार पसरताना दिसते ती यामुळे. ते येतात कुठून? आधीच्या पेरणीचा न धुतलेला ट्रे, अर्धवट कुजलेलं घरचं कंपोस्ट, बागेतली माती. शंभर टक्के बाहेर ठेवणं घरच्या घरी जमत नाही. त्यांना फावेल अशी ओल द्यायची नाही, एवढं मात्र आपल्या हातात आहे.

एक गैरसमज इथेच दूर करतो. दाट पेरलेल्या मोहरीच्या किंवा मुळ्याच्या मायक्रोग्रीन्सवर (कोवळी असतानाच कापून खायच्या रोपांवर) तिसऱ्या दिवशी मुळांभोवती पांढरी लव दिसते आणि लोक घाबरून अख्खा ट्रे फेकतात. पाण्याचा हलका फवारा मारून बघा. लव चिकटून दिसेनाशी झाली तर ती मुळांचीच केसमुळं आहेत. फवाऱ्यानंतरही कोळिष्टकासारखं जाळं एका देठावरून दुसऱ्यावर गेलेलं दिसत असेल आणि दार उघडल्यावर कुबट वास येत असेल, तर ती बुरशी.

आता पेटीची तपासणी. सकाळी दिवे लागायच्या आधी दार उघडा आणि आतल्या बाजूने बोट फिरवा. दारावर, छतावर दव असेल तर निदान झालं. दिवसा दिवे चालू असतात, आतली हवा गरम असते, ती बरीच वाफ धरून ठेवते. रात्री दिवे बंद होतात, हवा थंड होते आणि तीच वाफ पाणी होऊन रोपांवर, भिंतींवर बसते. बहुतेकांच्या पेटीत पंखा आणि दिवे एकाच टायमरवर असतात. म्हणजे हवा हलण्याची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच पंखा बंद! या एका वायरिंगमुळे किती ट्रे गेले असतील देव जाणे.

पंखा वेगळ्या प्लगवर घ्या आणि चोवीस तास चालू ठेवा. कॉम्प्युटरचा ८० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा पंखा साधारण ०.१५ अँपिअर घेतो, म्हणजे दोन वॉटच्या आतच. महिनाभर अखंड चालला तरी दीड युनिटसुद्धा होत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास असे पंखे आणि अडॅप्टर सहज मिळतात. जुन्या सीपीयूतून काढलेलाही चालतो. आवाज नको असेल तर १२ ऐवजी ९ व्होल्टचा अडॅप्टर लावा, पंखा सावकाश फिरतो. मात्र काही पंखे कमी व्होल्टेजवर सुरूच होत नाहीत, तेव्हा दुकानातच लावून बघा. घरघर बहुतेक वेळा पंख्याची नसतेच, ती प्लायच्या थरथरण्याची असते. स्क्रूखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले की निम्मा आवाज जातो.

पंखा वरच्या बाजूला, हवा बाहेर फेकणारा. हवा आत येण्याची वाट खाली, समोरच्या बाजूला. ही खालची वाट पंख्याच्या भोकापेक्षा मोठी हवी, आणि इथेच कंजूषी होते. ८० मिलिमीटरच्या भोकाचं क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर भरतं. खाली ड्रिलने चार-पाच बारीक भोकं पाडली तर पंखा फिरतो जोरात, पण खेचतो काहीच नाही. त्याच्या दुप्पट वाट २५ मिलिमीटरच्या होल सॉने (गोल भोक पाडणाऱ्या करवतीने) करायची तर वीस भोकं लागतील. त्यापेक्षा सुताराकडून २५ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर उंच अशी एकच खाच कापून घ्या, १०० चौरस सेंटिमीटर मिळतात. पंखा खरंच खेचतोय का हे बघायला खाचेपाशी उदबत्ती धरा. धूर तिरका होऊन आत शिरला पाहिजे.

मग उजेड बाहेर येणार त्याचं काय? उजेड सरळ रेषेत जातो आणि काळ्या पृष्ठभागावर आपटला की बराचसा तिथेच संपतो. हवेला वळण घ्यायला अडचण नसते. पंख्याच्या भोकावर बाहेरून एक छोटं खोकं बसवा, साधारण १२ सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर खोल, फक्त खालून उघडं. त्याची आतली बाजू काळ्या मॅट रंगाने रंगवा. हवा भोकातून बाहेर येते, खाली वळते आणि निघून जाते. उजेड त्या काळ्या भिंतीवर अडतो. बाराला पाच म्हणजे ६० चौरस सेंटिमीटरची वाट राहते, पंख्याच्या भोकाहून जास्त, त्यामुळे दम कोंडत नाही. खालच्या खाचेला आतून दोन आडव्या पट्ट्या लावा: एक खाचेच्या समोर दोन बोटांचं अंतर सोडून, दुसरी तिच्या मागे थोडी वर. समोरून बघताना आरपार दिसता कामा नये, एवढाच नियम. या पट्ट्याही काळ्या. बाकीची पेटी आतून पांढरी ठेवा, साधा मॅट पांढरा ऑइल पेंट पुरतो. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा मोह टाळा. सुरकुतलेली फॉइल पांढऱ्या रंगापेक्षा कमी उजेड परत टाकते, आणि वायरीजवळ ती नकोच.

हे सगळं करून पेटी भिंतीला चिकटवून ठेवली तर मागचा पंखा पुन्हा बंदच. भिंतीपासून एक वीत अंतर सोडा.

खाचेला मच्छरजाळी लावावी का? चिलटं फार असतील तर लावा, पण दर पंधरा दिवसांनी ब्रशने साफ करायची तयारी असेल तरच. धूळ बसलेली जाळी आणि बुजवलेली खाच यांत फरक नाही.

आता उजेड. ‘१००० वॉट’ असं ठळक लिहिलेले स्वस्त जांभळे दिवे प्रत्यक्षात त्याच्या एक-दशांशाइतकी वीज खाताना दिसतात. नावावर जाऊ नका, प्लगला वॉट मीटर लावून बघा. शिवाय तो जांभळा रंग रात्री दाराच्या बारीकशा फटीतूनही उठून दिसतो, आणि मग समोरच्या बिल्डिंगमधले नको ते प्रश्न विचारायला लागतात. पालेभाजीला साधे पांढरे, ६५०० केल्विनचे एलईडी बॅटन (ट्यूबलाइटसारखे लांब दिवे) उत्तम चालतात. दोन फुटी, १० वॉटचा बॅटन सुमारे १००० ल्युमेन उजेड देतो. पेटी आतून ६० बाय ४० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ०.२४ चौरस मीटर. चार बॅटनचे ४००० ल्युमेन त्यावर पसरले आणि भिंतींत, कोपऱ्यांत तीसेक टक्के वाया गेले असं धरलं, तर पानांवर ११ ते १२ हजार लक्स (चौरस मीटरला इतके ल्युमेन) पडतात. दिवसाला १६ तास मिळाले तर मेथी-कोथिंबिरीला तेवढं पुरतं. एकाच बॅटनवर भागवणाऱ्यांना तीन हजारांच्या आसपास मिळतात, आणि त्यांची रोपं वर बघत लांबत जातात. बॅटन घेताना त्याची लांबी पेटीत बसते ना हे टेपने मोजूनच घ्या. दोन फुटी म्हणून मिळणारे काही बॅटन टोकाच्या कॅपसकट ६० सेंटिमीटरच्या किंचित वर जातात. ते तिरके लावावे लागतात किंवा पेटीच दोन सेंटिमीटर जास्त लांब करावी लागते.

मोबाइलमधलं लक्स मोजणारं अ‍ॅप अचूक नसतं, पण ‘पुरेसं’ आणि ‘फारच कमी’ यातला फरक सांगायला चालतं. मोबाइल ट्रेमध्ये रोपांच्या शेंड्याच्या उंचीवर उताणा ठेवा. आकडा पाच हजारांच्या खाली असेल तर बॅटन वाढवा किंवा ट्रे वर घ्या. बॅटन खाली लटकवण्याच्या साखळ्या वगैरेंच्या भानगडीत पडू नका. ट्रेखाली विटा ठेवायच्या, रोपं वाढतील तशी एकेक काढायची. दिवा आणि शेंडा यात १५-२० सेंटिमीटर ठेवा. आणि दिवे पहिला कोंब दिसला त्याच दिवशी सुरू करा. ‘सगळं उगवू दे, मग लावू’ म्हणत दोन दिवस अंधारात ठेवलं की जी मान लांबते ती पुन्हा आखूड होत नाही.

चार बॅटन मिळून ४० वॉट, १६ तासांचे ०.६४ युनिट, महिन्याला १९ युनिटच्या आसपास. युनिटला १० रुपये धरा, दोनशे रुपये महिना. जुडीच्या भावाशी तुलना कराल तर पावसाळ्यातले काही आठवडे सोडले तर हा आतबट्ट्याचाच व्यवहार. पैसे वाचवायला कोणी पेटी करत असेल तर त्याला मी आधीच नको म्हणेन.

पाण्याबद्दल जरा सविस्तर, कारण पंखा आणि दिवे नीट असूनही मर चालू राहिली तर चूक झारीत असते. शेतात ‘वाफसा’ आल्याशिवाय कोणी औत घालत नाही: माती ओलसर हवी, चिखल नको. ट्रेमध्येही तोच वाफसा धरायचा. कोकोपीट मुठीत दाबलं तर बोटांच्या फटीत ओल दिसावी, धार लागू नये. वरून कोरडं दिसलं म्हणून पाणी घालणं हा कोकोपीटमधला सापळा आहे. त्याचा वरचा थर पंख्याने पटकन वाळतो आणि खाली मात्र चिंब असतं. ट्रे उचलून वजनाचा अंदाज घ्या, दोन-चार दिवसांत हाताला सवय होते. हलका लागला की भोकं असलेला ट्रे दुसऱ्या बिनभोकाच्या ट्रेमध्ये ठेवा, खालच्यात बोटभर पाणी घाला, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि उरलेलं ओतून द्या. ओतून देणं महत्त्वाचं. खाली साचलेलं पाणी म्हणजे पिथियमची पोहण्याची सोय. पाणी सकाळी द्या, म्हणजे दिवे बंद होईपर्यंत वरचा थर सुकलेला असतो. फवारणीची बाटली उगवण होईपर्यंतच वापरायची, त्यानंतर नाही.

पेरल्यावर वरून अर्धा सेंटिमीटर धुतलेली जाड वाळू पसरली तर बुंध्याभोवतीचा भाग कोरडा राहतो. रोपवाटिकेतली ही युक्ती ट्रेमध्येही लागू पडते. पेरणी विरळ ठेवा. ‘मूठभर जास्त पेरू, काही मेली तरी चालतील’ हे गणित उलटं बसतं, कारण दाटीत हवा शिरत नाही आणि मेलेली शेजाऱ्यांना घेऊन जातात. धणे हलके रगडून दोन दलं करा, बारा तास भिजवा. कोथिंबीर उगवायला आठ-दहा दिवस घेते, मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते. दोन्ही एकाच ट्रेत पेरली तर पाण्याचा मेळ बसत नाही. कृषी केंद्रातून आणलेलं बियाणं गुलाबी किंवा हिरव्या रंगाचं असेल तर त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, मायक्रोग्रीन्ससाठी ते चालणार नाही.

ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) वापरावा का, हा प्रश्न हमखास येतो. वापरा, पण पेरताना. बीजप्रक्रियेला किलोला चार-पाच ग्रॅम हे शेतातलं प्रमाण; आपल्या मूठभर धण्यांना चिमूटभर पुरे. ती जिवंत बुरशी आहे, पाकिटावरची मुदत बघून घ्या आणि उन्हात ठेवू नका. रोपं पडायला लागल्यावर ती ओतून उपयोग नाही. पडायला सुरुवात झालीच तर पडलेली रोपं आणि त्यांच्याभोवतीचं दोन बोटं कोकोपीट चमच्याने खरवडून काढा, पाणी थांबवा, दार काही तास उघडं ठेवा. हळद, दालचिनी भुरभुरवणारे भुरभुरवोत. कोंदट पेटीत त्याने काही साधत नाही.

दोन पेरण्यांच्या मध्ये ट्रे नुसता विसळून चालत नाही. ब्रशने घासा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात पंधरा मिनिटं बुडवून स्वच्छ धुवा, वाळवा. संडास धुण्याच्या अ‍ॅसिडबरोबर ब्लीच चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. मर आलेल्या ट्रेमधलं कोकोपीट पुढच्या पेरणीला घेऊ नका, गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत टाका.

वायरिंगबद्दल थोडं, पण गांभीर्याने. पाणी आणि वीज एका खोक्यात आहेत. एक्स्टेन्शन बोर्ड पेटीच्या बाहेर आणि ट्रेपेक्षा उंच ठेवा. प्रत्येक वायरीला प्लगच्या आधी खाली झोल द्या, म्हणजे ओघळलेला थेंब प्लगमध्ये न जाता खाली पडतो. घरात आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, पेटी असो वा नसो. थर्माकोलच्या खोक्याची पेटी स्वस्त पडते, पण थर्माकोल पटकन पेट घेतो. चोवीस तास चालणाऱ्या विजेच्या वस्तूंभोवती तो नको.

शेवटचा मुद्दा हवामानाचा, कारण एकच पेटी रत्नागिरीत आणि नागपुरात सारखी वागत नाही. कोकणात, मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरचीच हवा इतकी दमट असते की पंखा दमट हवा आत घेऊन दमटच बाहेर टाकतो. तिथे पाणी निम्म्यावर आणा, पेरणी आणखी विरळ करा. दिवे सलग १६ तास आणि मग सलग आठ तास अंधार असं न ठेवता अंधाराचे चार-चार तासांचे दोन तुकडे केले तर पेटी फार थंड होत नाही आणि दव कमी धरतं. पालेभाजी महिनाभरात काढायचीच असते, तिला त्याने बिघडत नाही. विदर्भात मे महिन्यात उलटी अडचण: खोलीच ३५-३६ अंशांवर, त्यात पेटी तीन-चार अंश जास्त. तेवढ्यात धणे धड उगवत नाहीत, उगवले तर कोथिंबीर लवकर तुऱ्यावर जाते. दिवे संध्याकाळी सातला लावून सकाळी अकराला बंद करा, म्हणजे दिव्यांची उष्णता दुपारच्या उकाड्यात भर घालत नाही. तेव्हा रात्रभर उजेड असणार, म्हणून काळ्या पट्ट्यांचं काम आधी पुरं करून घ्या. आणि जूनपर्यंत कोथिंबिरीचा हट्ट सोडून अंबाडी किंवा चवळी पेरा. ती उष्णतेला दाद देत नाही आणि बुंध्याने दणकट असते.